सकाळी आठचा धूर

सुवी : ...आणि हे? हे काय आहे?

आर्मास : लाकूड.

सुवी : याला बक्कल आहे.

आर्मास : मग बूट असेल.

सुवी : आर्मास! तुम्ही या शेगडीत बूट जाळलात?

आर्मास : डावाच. उजवा अजून चांगला आहे.

सुवी : थांबा, मला जरा बसू द्या. साठ घरं फिरले मी या नव्या शेगडीच्या प्रचारासाठी. ओली लाकडं जाळणारे बघितले, दुधाचे खोके जाळणारे बघितले. एका बाईने तर जावयाची पत्रं जाळली, पण कोरडी करून! बूट कुणी घातला नव्हता.

आर्मास : कॉफी घेशील?

सुवी : नको. हो, घेईन. पण आधी सांगा, माझ्या पत्रकावर कुणाच्या घराचा फोटो आहे?

आर्मास : माझ्या. मी नाही त्यात.

सुवी : तुम्हीच म्हणालात, मला नको, शेगडीचाच काढ.

आर्मास : शेगडी छान आली आहे. जरा बारीक वाटते.

सुवी : आणि फोटोखाली काय लिहिलंय?

आर्मास : चष्मा नाही.

सुवी : मी वाचते. ‘एकदा पेटवा, चोवीस तास ऊब. निम्मं लाकूड. धुराडं स्वच्छ दिसलं तर काळजी करू नका, शेगडी उत्तम चालली आहे.’ आणि आज मी तळ्याच्या वळणावर आले, तर तुमच्या घरातून आगबोट सुटल्यासारखा धूर! परवा शनिवारी शेजारच्या गावाहून बस येणार आहे, चौतीस माणसं. या घरात उभी राहून ती म्हणणार, वा, काय ही शेगडी. त्यांनी होकार दिला तर माझं काम पुढच्या वर्षी राहील. नाही दिला तर मी घरी.

आर्मास : चौतीस. कप नऊ आहेत.

सुवी : कप मी आणते. लाकूड दाखवा. हे कुठलं?

आर्मास : बर्च.

सुवी : कधी तोडलेलं?

आर्मास : सोमवारी.

सुवी : अहो, त्याला पानं फुटतील आता! तुमच्या पडवीत दोन वर्षं वाळवलेलं, एका मापाचं, टोकाला टोक लावून रचलेलं लाकूड आहे. त्याचाही फोटो काढलाय मी. ते सोडून हे?

आर्मास : त्याला धूर येत नाही.

सुवी : यायचाच नाही! त्यासाठीच तर सगळा खटाटोप! आणि पेटवता कुठून? वरून की खालून?

आर्मास : खालून.

सुवी : मी वरून शिकवलं होतं.

आर्मास : चांगलं शिकवलंस. वरून पेटवलं की काही दिसत नाही.

सुवी : तीन दिवसांत धुराड्यात डांबर साठलं असेल. पेट घेतला असता तर? अख्खं घर गेलं असतं.

आर्मास : तेव्हा तरी आली असती.

सुवी : कोण? अग्निशामक गाडी?

आर्मास : तीपण. साखर किती?

सुवी : आर्मास, कोण आली असती?

आर्मास : दोन घालतो. तू बारीक झालीस.

सुवी : विषय बदलू नका. मला कचेरीत कागद भरून द्यायचाय. तक्रार आली आहे तुमच्याविरुद्ध.

आर्मास : कुणाची?

सुवी : नाव सांगायचं नसतं, नियम आहे. आता बोला. हे मुद्दाम केलंत ना?

आर्मास : त्या खिडकीतून बघ. तळ्यापलीकडे. काय दिसतं?

सुवी : हिल्काचं घर.

आर्मास : त्याच्यावर?

सुवी : काही नाही. धुराडं. स्वच्छ आहे अगदी. तिच्याकडेही ऑक्टोबरात मीच बसवून दिली, तुमच्यासारखीच.

आर्मास : हं.

सुवी : ती मला म्हणाली होती, आर्मासकडे आहे तशीच दे.

आर्मास : असं म्हणाली?

सुवी : शब्दशः.

आर्मास : हं. बघ पोरी, इथे एक पद्धत आहे. सकाळी आठला समोरच्या धुराड्याकडे बघायचं. धूर असला की माणूस उठलाय. नसला की जाऊन बघायचं. माझी बायको इर्या गेली तेव्हापासून हिल्का माझ्या धुराड्याकडे बघते, मी तिच्या. ठरवलं वगैरे नाही. बोलायची गरजच पडली नाही.

सुवी : आणि कधी गेलात तुम्ही? बघायला?

आर्मास : एकदा. तिचा पाय मोडला होता. बर्फावरच्या ढकलगाडीवर बसवून रस्त्यापर्यंत आणली. वाटभर मला शिव्या देत होती, हळू चालव म्हणून. छान गेला तो दिवस.

सुवी : मग?

आर्मास : मग गेल्या वर्षी तू आलीस. शेगडी बसवलीस. संध्याकाळी पाचला एकदा पेटवायची, की दुसऱ्या दिवसापर्यंत घर गरम. सकाळी आठला धूर कुठला?

सुवी : म्हणजे हिल्काला वाटलं...

आर्मास : मी मेलो. पहिल्याच सकाळी. तळं ओलांडून धावत आली, टोपीसुद्धा न घालता. मी इथे बसून कॉफी पितोय. म्हणाली, जिवंत आहेस. म्हटलं, हो. म्हणाली, आता आलेच आहे तर. हातात पिराक्का होते, गरम, भात भरलेले.

सुवी : मेलेल्या माणसाकडे पिराक्का घेऊन?

आर्मास : मेलो असतो तर माणसं जमली असती. त्यांना लागले असते.

सुवी : आणि दुसऱ्या दिवशी?

आर्मास : दुसऱ्या दिवशीही धूर नव्हता.

सुवी : पण तिला तर कळलं होतं की शेगडी...

आर्मास : मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. हिवाळाभर रोज आली. आठ वाजून पाच मिनिटांनी दार. जिवंत आहेस? हो. आता आलेच आहे तर. असा हिवाळा मी बघितला नव्हता.

सुवी : आणि मग मी पत्रक वाटलं.

आर्मास : नुसतं वाटलं नाहीस. सभागृहात पडदा लावून मोठ्याने वाचलंस. धुराडं स्वच्छ दिसलं तर काळजी करू नका. टाळ्या पडल्या. हिल्का माझ्या पुढच्याच बाकावर होती. तिनेही वाजवल्या.

सुवी : अरे देवा.

आर्मास : आता धूर दिसला तर मी बरा आहे. नाही दिसला तर शेगडी बरी आहे. माणूस मेला हे कळवायचं कसं, ते तुझ्या पत्रकात नाही.

सुवी : म्हणून काळा धूर.

आर्मास : तेवढाच रंग उरला होता.

सुवी : अहो, सरळ जायचं ना तिच्याकडे! चारशे पावलं आहेत. तळंही गोठलंय.

आर्मास : काय म्हणून जायचं?

सुवी : काय म्हणून म्हणजे? सहज.

आर्मास : सहज कोण जातं कुणाकडे?

सुवी : मग फोन करा.

आर्मास : फोनवर काय बोलायचं?

सुवी : कशी आहेस, असं विचारायचं.

आर्मास : असले खासगी प्रश्न तिला आवडत नाहीत. मलाही नाही.

सुवी : तिच्या घरात रात्री दिवा दिसत असेल की.

आर्मास : तो आपोआप लागतो. मुलाने बसवून दिलाय. वाटेवरचा बर्फ ट्रॅक्टरवाला काढतो. टपाल पेटीतच पडतं. धूर नाही. सगळं इतकं छान चाललंय तिकडे, की आत कुणी आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. मी रोज आठला बघतो. ऊब मला पुरते, पोरी. घर इतकं गरम असतं की मी सदऱ्यावर बसतो. सदऱ्यावर बसून बघतो.

(सुवी उठते. शेगडीचं दार उघडून बुटाचं उरलेलं बक्कल चिमट्याने बाहेर काढते, बशीत ठेवते.)

आर्मास : तुझ्याकडे कुठली शेगडी?

सुवी : माझ्याकडे नाही. शहरात राहते मी, चौथ्या मजल्यावर. पाइपातून गरम पाणी येतं.

आर्मास : म्हणजे धुराडंच नाही?

सुवी : नाही.

आर्मास : मग तू उठलीस हे कुणाला कळतं?

सुवी : कचेरीला. साडेआठला. सोमवार ते शुक्रवार.

आर्मास : आणि शनिवारी?

सुवी : शनिवारी बस आहे ना इथे. आर्मास, तुम्ही लाकूड नीट जाळाल? माझ्यासाठी?

आर्मास : जाळेन. त्या पत्रकावर आणखी एक ओळ मावेल?

सुवी : कुठली?

आर्मास : राहू दे. तो तक्रारीचा कागद काय म्हणतो?

सुवी : नाव नाही सांगणार मी.

आर्मास : नाव नको. कितीला आला फोन?

सुवी : वेळ सांगायला हरकत नसावी. थांबा. मंगळवारी आठ वाजून दोन मिनिटं. काल, बुधवारी, आठ वाजून दोन. आज... आठ वाजून एक.

आर्मास : आज एक मिनिट आधी.

सुवी : बूट आज घातला होतात?

आर्मास : आजच.

सुवी : आर्मास, तुम्ही हसताय?

आर्मास : नाही. काय म्हणणं आहे तक्रारदाराचं?

सुवी : ‘काळा धूर. कुणीतरी जाऊन बघा.’ तिन्ही दिवस तेच. ‘स्वतः का जात नाही,’ असं फोन घेणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, तर उत्तर लिहिलंय, ‘काय म्हणून जायचं?’

आर्मास : बरोबर आहे.

सुवी : काय बरोबर आहे? दोघंही वेडे आहात! आता मी काय भरू? ‘केलेली कारवाई’ अशी रिकामी जागा आहे.

आर्मास : लिही, शेगडी तपासली. आत बूट सापडला. बाहेर माणूस सापडला.

सुवी : हे लिहू?

आर्मास : लिही. आणि नवीन कागद काढ. मलाही तक्रार करायची आहे.

सुवी : कुणाविरुद्ध?

आर्मास : तळ्यापलीकडे एक घर आहे. ऑक्टोबरपासून धुराड्यातून अजिबात धूर येत नाही. परिसरातल्या लोकांना त्याचा त्रास होतो.

सुवी : कुठल्या लोकांना?

आर्मास : मी एकटाच आहे परिसरात.

सुवी : नोंदवते. फोनवरून आली असं लिहू?

आर्मास : समोर जाऊन केली तर चालते?

सुवी : समोर? चालते की. उलट बरंच.

आर्मास : मग निघू. बूट दे.

सुवी : एकच आहे.

आर्मास : हं. तो विचार केला नव्हता.

सुवी : डाव्या पायात सॉनाची सपात घाला, वरून मोजा. ढकलगाडी पडवीत दिसली मला. तुम्ही बसा, मी ढकलते.

आर्मास : हळू चालव.

सुवी : शिव्या द्यायच्या नाहीत. जाताना काही न्यायचं का? पिराक्का वगैरे?

आर्मास : मला येत नाहीत. कोरडं लाकूड घेऊ एक मोळी. दोन वर्षं वाळलेलं. किती वाजले?

सुवी : अकराला पाच कमी. का?

आर्मास : म्हणजे उशीरच झाला.

सुवी : तीन तास. एवढं चालतं.

आर्मास : नाही गं. ऑक्टोबरपासून.