डावीकडचा बुरूज

ओदिल : लक्षात ठेव गास्तों, एकशे सत्तर वर्षांत शातो मोंब्रेझच्या वाइनच्या बाटलीवर एकही खोटी गोष्ट छापली गेलेली नाही.

गास्तों : बुरूज खोटा आहे, मादाम.

ओदिल : बुरूज सोडून.

गास्तों : तो सोडायचा कसा? लेबल तपासणारा साहेब जेवण उरकून येतोच आहे. सरपंच म्हणत होते, बाटलीवर जी इमारत दाखवाल ती मळ्यात असावी लागते. नसली तर पुसावी लागते.

ओदिल : घर आहे. फाटक आहे. दोन्ही धुराडी आहेत.

गास्तों : आणि डावीकडे चार मजली बुरूज, वर झेंडा.

ओदिल : झेंडा आहे आपल्याकडे. माळ्यावर.

गास्तों : छापखानेवाल्याला डावीकडे जागा रिकामी दिसली, त्यानं बुरूज काढला. सांगून टाका ना सरळ! तसं तर आपल्या बोर्दोकडे कोंबड्यांच्या खुराड्याचाही राजवाडा होतो, शातो म्हणतात त्याला, शेजारी द्राक्षं असली की झालं.

ओदिल : मी जिवंत असेपर्यंत त्या बुरुजाला कुणी रबर लावणार नाही.

गास्तों : मग पडला म्हणा. पण कसा पडला ते आधी ठरवा. जपान्यांना तुम्ही सांगितलंत, क्रांतीत जाळला. बेल्जियमवाल्यांना सांगितलंत, जर्मनांनी उडवला. इंग्रजांना...

ओदिल : इंग्रजांना सांगितलं, इंग्रजांनीच पाडला. काय खूश झाले! पेट्याच्या पेट्या घेऊन गेले.

गास्तों : या साहेबाला काय सांगायचं?

ओदिल : पडलेलाच नाही. दुरुस्ती चालू आहे. पिंपं रचलीस?

गास्तों : रचली. वाइन मुरवून म्हातारी झालेली सगळी. विकायला काढली होती ती. बाहेरून परांची, वरून ताडपत्री. लांबून अगदी बुरूज वाटतो.

ओदिल : आणि जवळून?

गास्तों : जवळून व्हिनेगरचा वास येतो. एक मात्र सांगतो, मागच्या बाजूला त्याला जाऊ देऊ नका. सगळा डोलारा एका पाचरीवर आहे.

ओदिल : फाटक वाजलं. टोपी काढ. आणि तोंड बंद ठेव.

पेरिनो : नमस्कार. पेरिनो. लेबल विभाग.

ओदिल : या, मोस्यू पेरिनो, या! हा गास्तों, आमचा तळघरप्रमुख. तीस वर्षं इथली वाइन याच्या नाकाखालून जाते.

गास्तों : थोडी नाकाखालीच थांबते.

पेरिनो : मादाम, माझं काम लहानसं आहे. लेबलावर...

ओदिल : लेबलावर येऊच. आधी इतिहास. १८५५ सालची गोष्ट. बादशहाला पॅरिसच्या प्रदर्शनात बोर्दोच्या वाइन मांडायच्या होत्या. दलालांनी सगळ्या मळ्यांचे दर्जे लावले आणि मोंब्रेझला मान मिळाला पाचव्या दर्जाचा!

पेरिनो : एकूण दर्जे किती?

गास्तों : पाच.

ओदिल : गास्तों!

पेरिनो : हे दर्जे वाइन चाखून लावले?

गास्तों : छे हो! भाव बघून. इथे कुणी फिरकलंच नाही. फिरकले असते तर बुरूज...

ओदिल : बुरूज त्यांना फार आवडला असता! ग्लास घ्या, मोस्यू. आधी वास. येतो ना? काळी बेरी, देवदाराचं लाकूड, पेन्सिलीचं नुकतं तासलेलं टोक.

पेरिनो : पेन्सिल माझ्या खिशात आहे. आणि मी नॉर्मंडीचा, मादाम. आमच्याकडे सगळं सफरचंदाचं. वाइन आंबट आहे की चांगली आहे, हे मला कुणीतरी सांगावं लागतं.

गास्तों : चांगली आहे.

पेरिनो : बरं. नोंद घेतो. आता ही पट्टी...

गास्तों : एवढ्याशा पट्टीनं बुरूज मोजणार?

पेरिनो : कुठला बुरूज?

ओदिल : बघितलंस गास्तों? साहेबांचा विनोद! तो काय, ताडपत्रीतला. दुरुस्ती चालू आहे.

पेरिनो : कधीपासून?

ओदिल : मी लग्न होऊन आले तेव्हापासून.

पेरिनो : बराच काळ झाला.

गास्तों : गवंडी मिळत नाहीत हल्ली.

पेरिनो : मला वाटलं, काहीतरी रचून ठेवलंय. गाडी लावून मी मागच्या बाजूनंच फाटकाकडे आलो. पण तुमची माणसं फार निष्काळजी आहेत हो, मादाम. हे लाकूड तिथे पायात आलं. कुणीतरी अडखळून पडेल म्हणून उचलून आणलं. घ्या.

गास्तों : ही... ही पाचर आहे.

पेरिनो : असेल. जरा ओढावी लागली.

(आधी एक पिंप गडगडतं, मग सगळी. धूळ बसायला वेळ लागतो. शेवटचं पिंप उतारावरून सावकाश वेलींमध्ये शिरतं.)

ओदिल : कशात शिरलं?

गास्तों : मर्लोच्या वेलींत.

ओदिल : देवाची कृपा. काबेर्नेची महागडी द्राक्षं वाचली.

पेरिनो : तुमचा बुरूज पडला, मादाम.

ओदिल : नाही, मोस्यू. बुरूज नव्हताच. कधीच नव्हता. बसा, सांगते. आमच्या घरी, बेर्जराकला, दर रविवारी वडील मोंब्रेझची बाटली उघडायचे. मी लहानपणापासून तो बुरूज बघत जेवले. पुढे इथल्या आन्सेल्मचं स्थळ आलं. माणूस बुटका, कान मोठे. पण म्हटलं, बुरूज आहे ना! लग्न करून इथे उतरले आणि विचारलं, "बुरूज कुठाय?" लाल झाला बिचारा. म्हणाला, "दुरुस्तीला दिलाय."

गास्तों : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

ओदिल : तुला कशाला सांगू? मग रोज सकाळी कॉफी घेताना मी विचारायची, "आला का हो बुरूज?" तो म्हणायचा, "गवंड्याची कंबर धरलीय." कधी म्हणायचा, "दगड उलटे पाठवले, परत केले." हयातभर एकदाही तेच कारण दोनदा नाही दिलं त्यानं. शेवटच्या आजारात मीच विचारलं, तर म्हणाला, "झेंडा तेवढा राहिलाय." दुसऱ्या दिवशी गेला. आता तुम्ही बुरूज पुसा. नियम तो नियम. पण मी बघत असताना नको.

पेरिनो : मादाम, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. चित्रं माझ्याकडे नाहीत. चित्रांचं टेबल वेगळं. तिथले गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. बुरुजाला माझी हरकत नाही.

ओदिल : म्हणजे राहील?

पेरिनो : माझ्याकडून राहील. तुम्ही पाहिजे तर हत्ती काढा. मी फक्त आकडे मोजतो. अल्कोहोलचे टक्के छापलेत ना कोपऱ्यात, तो आकडा तीन मिलिमीटर उंच लागतो. तुमचा दोनच आहे.

ओदिल : बस्स? एवढंच? गास्तों, मघाची ओत, दुसरी उघड, साहेबांसाठी सफरचंदाचं काही असलं तर बघ! आम्ही करतो मोठा आकडा. आजच करतो!

पेरिनो : टक्क्यांची खूणही त्याच मापात हवी. थोडी जागा लागेल.

ओदिल : देऊ की जागा! गास्तों, लेबल आण. वर काय आहे?

गास्तों : मळ्याचं नाव.

ओदिल : खाली?

गास्तों : दर्जा. आणि साल.

ओदिल : उजवीकडे?

गास्तों : फाटक. त्याला चिकटून कडा.

ओदिल : आणि डावीकडे?

गास्तों : डावीकडे बुरूज आहे, मादाम.