वाफेवरचा गोल

यॉर्कशायरमधल्या आमच्या गावच्या बसथांब्यावर दोन म्हाताऱ्या माझ्यापुढे उभ्या होत्या.

"पिशवीत पाव? निघालीस वाटतं पडक्या मठात, ग्लेनिस! कावळे लठ्ठ झालेत तुझे."

"कावळ्यांना नाही गं. त्या संन्याशाला. सहाशे वर्षांपूर्वी पाव चोरला म्हणून भिंतीत चिणलं बिचाऱ्याला."

"आणि तो तुझ्याकडे पाव मागतो?"

"बोलत नाही. मौन असायचं ना त्यांचं, सगळं खुणांनी. दोन्ही हातांनी गोल केला की पाव हवा. भिंतीपाशी तस्साच उभा असतो."

"बरं बाई! काल पावसातही गेलेलीस?"

"नाही ना. आज सकाळी बघते तर स्वयंपाकघराच्या काचेवर, वाफेत, बोटानं काढलेला गोल."

"पोरं असतील. बाहेरून काढला असेल."

"वाफ आतून धरते, एड्विना."