पेवात सोडायची बारीक वात

मायं माहेर वडनेर भोलजीचं, अन् दिलं पिंपळगाव राजाले. महाराष्ट्र झाला त्याच्या मागंपुढं लगन झालं मायं, त्याले आता तीसेक वरसं झाली. तवा जवारी पेवात राहे, बाई. तुमी पाह्यलं नसन पेव. जमिनीत विहिरीवाणी खोल खड्डा, आतून लिपलेला, तोंड लहान, जवारी भरली का वरून मातीनं बुजून टाकायचं. वरीसभर जवारीले काई होत नसे, पण आतली हवा मरून जाये. दिसत नाई, वास येत नाई, माणूस उतरला का खालीच बसते.

माया काका असाच गेला. दोर वढला तं रिकामाच वर आला. तवापासून बापानं घरात रीत पाडली, पेव उघडलं का आत दिवा सोडायचा, अन् वात बारीक पाह्यजे, दोऱ्यावाणी. बाप म्हणे, जाड वात मस्तवाल असते पोरी, हवा खराब असली तरी जळतच राह्यते, बारकीले लगेच समजते. त्या वाती मीच वळो, मांडीवर वळू-वळू कातडं लाल होये.

सासरी बी दिवा सोडत, नाई असं नाई. पण इथं पेव म्हणजे लक्ष्मीचं पोट, अन् त्यात दिवा विझला तं अपशकुन! म्हणून सासू बोटाएवढी जाड वात करे, वरून तूप ओते, का विझूच नाई. आता काय सांगू तुमाले, दिवा सोडायचा कायच्यासाठी अन् बुढी करे काय!

माया पह्यल्याच साली पेव उघडलं. नारळ फुटला. दिवा खाली गेला, मिणमिणला, पण जळून राह्यला. सासरा म्हणे, चाल रे, उतर. आमच्या मालकानं कमरेले दोर बांधला, एक पाय आत. सासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नसे तवा, मी पदर वढला अन् बोलली, थांबा मामाजी, बारीक वात घालून पाहा. सासू म्हणे, काऊन वो, जळता दिवा दिसत नाई का तुले, मायं घर विझवतं का? मी म्हटलं, मी नाई उतरू देत त्याईले. मालकानं माया तोंडाकडे पाह्यलं, पाय वर घेतला, म्हणे, घालू दे माय, काय जाते.

घातली. दिवा अर्ध्यातही गेला नाई, तं विझला. मंग कडूनिंबाची मोठी फांदी दोरानं बांधून आत वर-खाली हालवली, का मेलेली हवा निघून जावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा सोडला, तो तळापर्यंत जळला, तवा मालक उतरले, पोते भरले, झालं.

सासूले नाई पटलं. हिच्या हातानं लक्ष्मीचा दिवा विझला, हेच धरून बसली. देवाजवळचा दिवा मले लावू देत नाई, ते आजलोक. आता पेव बुजले, जवारी पोत्यात राह्यते, सासूच्या डोळ्याले दिसत नाई, तरी काडी पेटवाले लहान जाऊले हाक मारते, मले नाई. पह्यले लय वाटे, चुलीपुढे रडो. आता काई वाटत नाई. सांजच्याले त्या दोघी देवापुढे दिवा लावतात, अन् त्याच वक्ताले मालक वावरातून येऊन ओट्यावर बसतात, चहा मांड वो म्हणतात. मी मांडते. दिवा सासूनंच लावावा, शंभर वरीस लावावा बुढीनं. ओट्यावर माणूस हाये माया.