रेडिओला सोडण्याबाबत

नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे, वय ४६ वर्षे, धंदा खुर्च्या विणणे.

समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, मला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. कान शाळेत असताना गेले, डोळे लग्नानंतर. जीभ शाबूत आहे, म्हणून तोंडी सांगत आहे. प्रश्न येथील महिला शिपाई माझ्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढून विचारत आहेत. त्यांचा हात जरा जड आहे, पण समजते.

आपण पकडून आणलेला इसम माझा सोबती आहे. आमच्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याला शिकवून माझ्याबरोबर दिला आहे. समोरचा काय बोलतो ते तो माझ्या तळहातावर लिहितो. भोवती काय चालले आहे ते पाठीवर बोटांनी सांगतो, म्हणजे कोण आले, कोण हसले, कोण कंटाळले. मी त्याला रेडिओ म्हणते, तो मला मावशी म्हणतो.

आज दुपारी आम्ही चपला घ्यायला गेलो होतो. दुकानदार मला सोडून रेडिओलाच विचारत होता, "यांना कसली पाहिजे?" रेडिओने ते जसेच्या तसे लिहिले. हातचे राखून काही सांगायचे नाही, असे आमचे ठरलेले आहे. माझे डोके फिरले. मी म्हणाले, "अरे, पाय माझे आहेत, मला विचार!" माझा आवाज मला ऐकू येत नाही, तो किती चढला ते लोकांना विचारा. रेडिओने पाठीवरून खाली हात ओढला, म्हणजे हळू बोला. मी ओरडले, "सोड मला, याच्याकडे बघतेच!" बाई ओरडते आहे आणि पुरुष तिच्या पाठीवर हात फिरवतो आहे, एवढेच रस्त्यावरच्यांना दिसले. त्यांना तरी काय बोलणार?

तेवढ्यात रेडिओचा हात माझ्या हातातून सुटला. अनोळखी माणसांनी मला दंडाला धरून ओढले. कोण, कुठे, कशाला, काही कळेना. मी फार घाबरले. एकाला पिशवीने हाणले, हे खरे आहे. ते मला वाचवत होते असे आता समजले. माझ्या लेखी पळवून नेणे तेच होते.

येथे मला बाकावर बसवले. मग या बाईंनी माझा हात हळूच घेतला आणि लिहिले, "पोलीस." जिवात जीव आला. मी रडले. हातावर लिहायचे त्यांना कसे सुचले, असे मी विचारले. पलीकडच्या खोलीतून रेडिओ ओरडत होता म्हणे, "मला मागाहून मारा, आधी मावशींच्या हातावर लिहा, त्या घाबरल्या असतील!"

सदर इसमाने माझी छेड काढलेली नाही. माझी त्याच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. साहेब, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर त्याचे काम जाईल आणि मी चार भिंतींत पडून राहीन. साहेबांनी त्याला सोडले असे बाईंनी लिहिले. मी ते परत लिहायला लावले. देव त्यांचे भले करो.

हा जबाब मला ऐकवता येत नसल्याने बाईंनी तो माझ्या तळहातावर लिहून दाखवला. त्यात "असहाय महिला" असे होते, ते मी खोडायला लावले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सहीच्या जागेवर माझे बोट आता रेडिओने नेऊन ठेवले आहे. हात सुजलेला आहे, पण त्याचाच आहे.