बोट डावीकडे वळवा

नाही नाही, नकाशा राहू द्या, नकाशा मला पाठ आहे — नकाशा आणायला जाते असं बाहेर सांगून आलेय, ते वेगळं. दार लोटून घेते हं. मिस्टर ट्रँटर, मी विचारते त्याचं फक्त हो की नाही सांगा: कालव्यावरची टिल्डनची चढण बंद आहे असं तुम्ही माझ्या बाबाला सांगाल का? — उघडी आहे, मला माहितीय! उघडी आहे म्हणून तर विचारतेय, बंद असती तर मी बाहेर बसून चहा प्यायले नसते का? एखाद्या लॉकचं दार बिजागरीतून निखळलंय म्हणा. पाणी आटलंय म्हणा, सप्टेंबर उजाडला, उन्हाळाभर धड पाऊस नाही, कोणाला खोटं वाटणार आहे? तुम्ही फक्त ती टोपी चढवा, बाहेर या, जरा चेहरा पाडा आणि म्हणा, 'नॉर्मन, सांगायला वाईट वाटतंय, पण उजवीकडचा फेरा या आठवड्यात जमायचा नाही, बोट डावीकडे वळवा.' संपलं. पस्तीस वर्षं तो तुमच्याकडूनच बोट नेतोय, तुमचं तो ऐकेल. माझं? माझं कसलं ऐकतोय! मी डावीकडचं नाव काढलं तर म्हणाला, 'इमोजन, तो म्हाताऱ्यांचा रस्ता आहे, तिकडे गायी बघायला जातात.' मग बघू या ना गायी! काय वाईट आहे गायींत? तीस मैल सपाट पाणी, एक लॉक नाही, पाणी भरून बोट वर चढवायला नको, एक दार उघडायचं नाही, ब्रिंडलपर्यंत जायचं, पाय मोकळे करायचे, मासे-चिप्स खायचे आणि परत यायचं — सात दिवस, सगळे खूश.

आमच्या माणसांकडे तरी बघा. माझा भाऊ रूपर्ट, तो बोटीवर आयुष्यात दुसऱ्यांदा येतोय, पहिल्यांदा सहा वर्षांचा होता आणि पाण्यात पडला होता. त्याची बायको, तिच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ. मी. आई. आणि बाबा, म्हणजे साक्षात दर्यासारंगच. असा जमाव आला की तुम्ही एरवी कुठे पाठवता? डावीकडेच ना? गेल्या वर्षी त्या शाळामास्तरांना तुम्ही स्वतः सांगितलंत, 'निम्मे नवखे असतील तर फेऱ्याच्या भानगडीत पडू नका' — मी इथंच उभी होते. मग नियम नियम असतो की नाही? का नॉर्मन पेवेरलला वेगळा नियम?

अनुभव, हो, अनुभव! तुमचा तो फॉर्म बघा, तुमच्या कोपराखालीच आहे. बघा काय लिहिलंय त्यानं. 'नॉर्मन — अनुभव पस्तीस वर्षं.' पुढे? 'ग्लेनिस — मदतनीस.' मदतनीस! मिस्टर ट्रँटर, तुम्ही हे तुमच्या डोळ्यांनी पाहिलंय, लाजू नका, सगळ्या कालव्यावर हेच चालतं — नवरा मागे सुकाणू धरून उभा, हातात चहाचा मग, आणि बायको काठानं धावतेय. पुढच्या लॉकपर्यंत धावायचं, ती वाकडी लोखंडी चावी फिरवून झडप उघडायची, पाणी सोडायचं, मग पाठ लावून ते हत्तीएवढं दार रेटायचं, बोट आत आली की दार बंद, पुन्हा पाणी, पुन्हा दार — आणि हा मधे बोटीवर उभा राहून ओरडतोय, 'ग्लेनिस, हळू सोड, ग्लेनिस, डावीकडची झडप आधी!' पस्तीस वर्षांत त्यानं एकही दार रेटलेलं नाही. एकही! सुकाणू म्हणजे काय हो, एक दांडा — तो इकडे ढकलला की बोट तिकडे जाते, बाळसुद्धा धरेल. अठ्ठ्याऐंशी लॉक आहेत त्या फेऱ्यात, त्यातली एकवीस एका दमात, टिल्डनच्या टेकडीवर जिन्यासारखी एकावर एक. आणि एकदा चढण सुरू केली की परत नाही फिरता येत, पासष्ट फूट बोट वळवणार कुठे? कोणाला बरं वाटेनासं झालं — म्हणजे समजा — तर गाडी येईल असा रस्तासुद्धा दीड मैल लांब आहे. मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलंय.

कोणाला म्हणजे? कोणालाही. बाळाला.

— असं बघू नका माझ्याकडे.

बरं. आईला. झालं? पण हे तुमच्यापाशीच ठेवा, मी शब्द दिलाय तिला. मार्चमध्ये तिच्या छातीत दुखलं, दुकानात, पिठाची पोती लावताना. तीन दिवस दवाखान्यात होती आणि बाबाला सांगितलं, बहिणीकडे जातेय. तो तीन दिवस टोस्टवर राहिला आणि ती परत आल्यावर म्हणाला, 'मजा केलीस ना?' हृदयाकडे जाणारी मोठी नळी जवळजवळ बुजलीय. ऑपरेशन ऑक्टोबरच्या नऊ तारखेला. डॉक्टरांनी काय सांगितलंय, शब्द न् शब्द सांगते: चाला, पण सावकाश, जड उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. ढकलायचं नाही, मिस्टर ट्रँटर! आणि ती म्हणते, 'सहल होऊ दे, मग सांगू त्याला. आधी कळलं तर तो मला खुर्चीत बसवेल आणि मग मी उठायची नाही.' मला कसं कळलं? मी पत्र फोडलं. तिच्या नावाचं होतं, मी फोडलं, मला वाटलं विजेचं असेल.

सांग म्हणता. सांगून टाक बाबाला. किती सोपं वाटतं ना तुम्हा लोकांना! तुम्ही सगळे — तुमचं ते एक वयच असं आहे, एकमेकांपासून लपवून ठेवायचं, हसत राहायचं, 'काही नाही गं, जरा दम लागला', आणि मग आम्ही पोरांनी दवाखान्याच्या बाकावर बसून अंदाज बांधायचे! चिडू नको तर काय करू? काल रात्री बॅग भरताना मी तिच्या पाया पडायची बाकी होते. म्हटलं, आई, मी सांगते त्याला, तू गप्प बस. तर तिनं माझा हात धरला, असा, मनगटाला, आणि म्हणाली, 'तू सांगितलंस तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही.' ती म्हणते ते करते. माझ्या मावशीशी ती अकरा वर्षं बोलली नव्हती. आणि वर काय म्हणते माहितीय? 'बोट त्याची आहे, पण लॉक माझी आहेत. तिथं मला कोणी शिकवायचं नाही.' तिला आवडतात ती! आता काय करायचं अशा बाईला?

रूपर्ट? त्या पहिल्या खेपेला त्याच्या हातात चावी दिली होती. ती अर्ध्यात सुटली, गरगर फिरली आणि त्याच्या दातांपासून दोन बोटांच्या अंतरावरून गेली. आईनं हिसकावून घेतली, म्हणाली, 'हे माझ्यावर सोड.' आता तो हातच लावणार नाही.

मी?

मी... मला जमत नाही. काय हसताय? — हसला नाहीत, बरं, नसाल हसला. मला येत नाही. मी कधी केलंच नाही. मी बाबाजवळ उभी असायचे, मागे, त्या पायरीवर. पाच वर्षांची होते तेव्हापासून. माझ्यासाठी पत्र्याचा छोटा मग होता, बाबा म्हणायचा, 'ही माझी उपकप्तान.' तुम्हाला आठवत असेल, तुम्ही मला कॅप्टनची टोपी दिली होती. आणि आई काठानं पळत असायची, आणि मी पण ओरडायचे, 'आई, डावीकडची आधी!' बाबासारखी. सगळ्यांना गंमत वाटायची. आईलाही. म्हणजे, ती हसायची.

आणि ऐका — हे ऐकाच — कॉलेजात माझा प्रबंध कशावर होता? जुन्या मालवाहू बोटींवरच्या बायकांवर. त्यांच्या राबण्यावर! दार रेटून रेटून त्यांच्या पाठी कशा जात, पोटुशी असताना कशा चावी फिरवत, आणि नोंदवहीत नाव मात्र नवऱ्याचं. बक्षीस मिळालं मला. आईला समोर बसवून चार संध्याकाळी प्रश्न विचारले मी — दार कुठून रेटायचं, जोर कमरेतून येतो की पायांतून — आणि सगळं लिहून घेतलं. पायांतून येतो. टाचा विटांच्या कडेला रोवायच्या, पाठ दाराच्या दांड्याला लावायची आणि घाई करायची नाही, पाणी समान झालं की दार आपण होऊन ऐकतं. बघा, पाठ आहे. हात मात्र लावलेला नाही.

हो, शिकता येईल. आत्ता तासाभरात शिकेन म्हणता, या खिडकीसमोरच्या पहिल्याच लॉकवर? आणि आई देईल चावी? आणि एकवीस लॉक मी एकटी... तुम्ही विषय बदलू नका. विषय एवढाच आहे की तुम्ही बाहेर येऊन एक वाक्य खोटं बोलायचं. तुम्हाला नियम आहेत, बोटवाले एकमेकांना पाण्याबद्दल खोटं सांगत नाहीत, मान्य, मोठं तत्त्व आहे. पण एक बाई मरेल हो! मला स्पष्ट बोलायला लावू नका.

हा फेरा बाबानं कुठे ठरवलाय! त्याला वाटतंय त्यानं ठरवलाय. जानेवारीत, त्यांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून — मी. मी नकाशा पसरला जेवणाच्या टेबलावर, मी म्हटलं, दरवर्षी काय तेच तेच, या वर्षी टिल्डन. बाबा नाचायला लागला. आणि आई तिथं काट्यानं मटार गोळा करत होती, ती म्हणाली, 'एकवीस जरा जास्त होतील गं मला.' एवढंच म्हणाली. हळू. पहिल्यांदा आयुष्यात ती काहीतरी नको म्हणाली. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, 'आई, म्हातारपणाचं सोंग करू नकोस, बाबाकडे बघ.' बाबाकडे बघ! तिनं बघितलं. मग म्हणाली, 'बरं.' पत्र त्यानंतर आलं. पण दुखणं आधीपासून असणार ना? असणारच. ती मटार गोळा करत होती तेव्हाही असणार. म्हणून मी तुमच्या टेबलापाशी अशी — मला रडायचं नाहीये, रुमाल नको, मला वेळ नाहीये त्याला. तुम्ही येताय की नाही? टोपी घाला. मिस्टर ट्रँटर, मी आजवर कोणाकडे असं काही मागितलेलं नाही, बाहेर या, एक वाक्य, मी बाजूला उभी राहीन, मी तोंड उघडणार नाही —

तुम्ही खिडकीकडे काय बघताय?

इंजिन ना. तो तपासत असेल, निघण्याआधी तो दहा वेळा तपासतो. — नाही? दोर कुठायत? दोर सोडलेत त्यानं. माझ्याशिवाय कसा — अहो, मी नकाशा घेऊन येते म्हटलं होतं! रूपर्ट पुढे बसलाय बाळाला घेऊन. डावीकडे... नाक डावीकडे वळतंय, हो ना? सांगा ना, तुम्हाला इथून बरोबर दिसतं — उजवीकडे. सरळ लॉकच्या तोंडाशी नेली त्यानं. आणि आई कुठाय, आई बोटीत नाही —

काठावर आहे. दाराच्या दांड्याला पाठ लावलीय. टाचा विटांवर. मी इथं बोलत बसले आणि तिनं — दार हललं. अर्धं उघडलं. थांबली का ती? का थांबली? बाबा ओरडतोय काहीतरी, ऐकू येतंय का तुम्हाला? ती वाकलीय. एक हात दांड्यावर, आणि दुसरा वर करून त्याला हलवून दाखवतेय — काही नाही, काही नाही, असा —

सरका. मिस्टर ट्रँटर, वाटेतून सरका.