ओटीपी कोणी सांगितला

पुरवणी जबाब
दिनांक १६ मे २०२४

मी बिभीषण मुंजाबा मिसाळ, वय ३६ वर्षे, धंदा खाजगी नोकरी, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. आज स्वतःहून ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी व मुलासह राहतो. चितेगाव येथील एका कंपनीत स्टोअरला सुपरवायझर आहे. माझी आई मंजुळाबाई, वय सुमारे ६५, ही गेल्या महिन्यापासून आमच्याकडे आहे. त्याआधी ती गावी मेंढरे राखत होती. यंदा चारा व पाणी राहिले नाही म्हणून कळप विकला. बहीण सुकेशनी सासरी, वैजापूर तालुक्यात असते.

परवा याच ठाण्यात आईच्या खात्यातून पैसे गेल्याची तक्रार दिली आहे. मजकूर मी सांगितला, आईने अंगठा दिला. त्यात आईने अनोळखी इसमास फोनवर ओटीपी सांगितला, असे लिहिलेले आहे. ते खरे नाही. ओटीपी मी सांगितला. त्या वेळी आई बाहेर गल्लीत रिकामे ड्रम रांगेला लावत होती.

आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. सहा घरे मिळून टँकर घेतो. नेहमीचा टँकरवाला सांडू याने चार दिवस थांबा म्हणून सांगितले. मी मोबाइलवर शोधले असता टँकर ऑनलाइन बुक करण्याचे एक पान मिळाले. त्यावर मुकुंदवाडीचे नाव होते. दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडील इसम हिंदीत व अदबीने बोलला. नाव नोंदवण्यासाठी दहा रुपये भरा म्हणाला व लिंक पाठवली. मी लिंक उघडून त्यात आईच्या एटीएम कार्डाचा नंबर व मागील बाजूचे आकडे भरले. ओटीपी आला तो वाचून दाखवला. नंतर तो म्हणाला, पैसे अडकले आहेत, परत एकदा सांगा. नवीन आलेला ओटीपी मी परत सांगितला. असे तीन वेळा झाले.

माझ्या स्वतःच्या खात्याऐवजी आईचे खाते का वापरले, असे विचारल्यावरून सांगतो की, ऑनलाइन काहीही भरायचे असले की मी आईचेच खाते वापरतो. विजेचे बिल, मोबाइलचा रिचार्ज, मुलाच्या क्लासची फी, सगळे. लागतील तेवढेच पैसे माझ्या खात्यातून तिच्या खात्यात टाकतो आणि तिथून भरतो. फसवणूक झाली तरी दोन-चारशे रुपयांच्या वर जाऊ नये, हा हेतू. माझ्या पगाराचे खाते मी फोनला जोडलेले नाही. आईचे कार्ड माझ्या पाकिटात असते व तिचे सिम माझ्या फोनमध्ये दुसऱ्या खणात असते. तिच्याकडे साधा फोन आहे, त्यातले सिम वेगळे आहे.

यास आईची परवानगी होती काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मी विचारलेले नाही.

कंपनीत मी इतर कामगारांनाही हीच पद्धत सांगत असे. मोठे खाते उघड्यावर ठेवायचे नाही, घरात कोणाचे तरी रिकामे खाते असते, ते पुढे करायचे. लोक ऐकत. मला मास्तर म्हणत.

आईच्या खात्यात त्या दिवशी एक लाख ऐंशी हजार रुपये होते, ते सर्व गेले. मला ते माहीत नव्हते. बँकेचे मेसेज माझ्याच फोनवर आले होते. आईच्या नंबरवरचे मेसेज मी उघडत नाही. ओटीपी आला तर तेवढाच पाहतो. पैसे जमा झाल्याचा मेसेज न उघडलेला होता, तो मी काल उघडला.

सदर रक्कम कोणाची, असे विचारल्यावरून सांगतो की, आमच्या घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाने मेंढीचे एक मादी कोकरू सोडतात. ती पुढे व्याली की तिची पिले व त्या पिलांची पिले मुलीची. ती कळपातच चरतात, राखण बाप व भाऊ करतात, पण त्यांच्या पैशाला भाऊ हात लावत नाही. वडील वारले तेव्हाही सुकेशनीची मेंढरे वेगळीच मोजली होती. कळप विकला तेव्हा तिच्या मेंढरांचे पैसे तिला द्यायचे होते. तिचे स्वतःचे खाते आहे, परंतु त्याचे कार्ड व त्या खात्याला जोडलेला फोन तिच्या नवऱ्याकडे असतो. म्हणून व्यापाऱ्याला तिने आईचे पासबुक दिले. ती आईला म्हणाली होती, "आये, तुज्या खात्यात कोण हात घालतंय? तिथंच राहू दे." हे मला आईने पैसे गेल्यावर सांगितले.

हे पैसे सुकेशनीची मुलगी सृष्टी हिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी आहेत. प्रवेश जूनमध्ये आहे.

पैसे गेल्याचे समजताच मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरवर फोन केला. तिथे विचारले, ओटीपी कोणी दिला. मी म्हणालो, आईने. असे बोलण्याचे मी आधी ठरवलेले नव्हते. नंतर तेच ठाण्यात सांगितले. आई शेजारी बसली होती. हवालदार साहेबांनी तिला विचारले, "मावशी, तुम्ही सांगितला का नंबर?" आईने माझ्याकडे पाहिले व म्हणाली, "व्हय. सांगितला असंल." साहेब तिला म्हणाले, अशिक्षित माणसाने फोन उचलूच नये. आई व्हय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत सर्वांना कळले होते. सोबत काम करणारे अप्पाराव म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळेत पहिला बाक म्हातारीला द्यायचा होता." त्यावर मी हसलो.

काल सायंकाळी सुकेशनीचा फोन आला. आईला कमी ऐकू येते म्हणून पत्नीने स्पीकर लावला. मी समोरच बसलो होतो. सुकेशनी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं व्हतं फोनला हात लावायला? आँ? जलमभर मेंढरं राखली, एक कोल्ह्याला दिलं नाय, अन् फोनवर सगळं देऊन बसलीस." आई म्हणाली, "चुकलं बाई." सुकेशनी म्हणाली, "चुकलं म्हणून कालेज घेणाराय का सृष्टीला?" आई परत चुकलं म्हणाली. नंतर सुकेशनीने विचारले, "दादा हाय का तिथं? दादाला इचार कायतरी करता येतंय का. त्याला कळतंय त्यातलं." आईने माझ्याकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "तो कामावर गेलाय."

मी घरीच होतो.

सकाळी मी आईला म्हणालो, ठाण्यात जाऊन खरे सांगतो. ती म्हणाली, "मला काय व्हतंय? मला कोण इचारतंय? तुजी कंपनी हाय." मी निघालो तेव्हा ती मागून आली. सध्या बाहेर बाकावर बसली आहे. जबाब घेण्यास सुरुवात झाली तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "सायेब, खातं माजं हाय. माज्याच नावावर राहू द्या." तिला बाहेर बसण्यास सांगण्यात आले.

आधी खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, तसेच ओटीपी घरच्याच माणसाने दिल्याने बँक रक्कम देण्यास नकार देऊ शकते, हे मला समजावून सांगितले. ते मला समजले. आधीचा मजकूर तसाच ठेवावा काय, असे मला दोनदा विचारण्यात आले. मी नको म्हणालो.

बहिणीस ही हकीकत सांगितली काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. मला सांगता आले नाही.

माझा कोणावर संशय नाही. हिंदीत बोलणाऱ्या इसमाचा आवाज परत ऐकल्यास ओळखीन. जबाब मोठ्याने वाचताना माझा फोन टेबलावर चालू ठेवावा, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. फोनवर बहीण सुकेशनी आहे. मी तिला फक्त ऐक म्हणालो. दार उघडे ठेवून आईला दाराशी बसवले आहे, त्यामुळे तिलाही ऐकू जाते.

वरील मजकूर अथपासून इतिपर्यंत सर्वांना ऐकू जाईल असा वाचण्यात आला. मी बोललो तसाच उतरला आहे. त्यात मला काही कमी करायचे नाही. वाचून संपल्यावर बहिणीने आईकडे फोन द्यायला सांगितले. फोन आईकडे दिला आहे.

सही
(बिभीषण मुंजाबा मिसाळ)