सगळ्या लिनक्सचं एकच शोधयंत्र

—त्यानं? आमच्या धम्मपालनं? बसा पावणं, पंख्याखाली बसा आधी. नोकरी द्यायच्या आधी चौकशीला आलाय ते झ्याक केलं, न्हायतर फसला असता की! 'ते शोधयंत्र मी केलं' असं सांगितलं व्हय त्यानं तुमास्नी? मग ऐका — केलं कुणी? मी. ह्या विरूपाक्षानं, ह्याच मंगळवार पेठेत, ह्याच दुकानात, ह्याच खुर्चीत बसून. धम्मपाल काय करायचा? मी बोलायचो, त्यो कीबोर्ड बडवायचा. बास.

लिनक्स म्हंजे विंडोजगत कॉम्प्युटर चालवायची फुकटातली सिस्टीम, पण ती काय एक हाय? शेकड्यानं घराणी, प्रत्येकाचं सॉफ्टवेअरचं कोठार निराळं, आन् एकच सॉफ्टवेअर उबुंटू घराण्यात एका नावानं तर फेडोरात दुसऱ्याच. आमच्या पेठेगत की — आधारकार्डावर बाळासो, तालमीत डांबर, सासुरवाडीत आणिक काय तरी, पोस्टमन बिचारा दिवसभर हिंडतोय! तर आपल्या यंत्रात कुठलंबी नाव टाका, समदी कोठारं हुडकून, तुमच्या मशीनवर ते कसं घ्यायचं ती आज्ञा म्होरं ठेवतंय. हे मला सुचलं कुठं? रंकाळ्यावर, भेळ खाताना. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतनं फोन — हेलिकॉप्टर कुठं उतरवू? म्हटलं, पार्किंगचं बघून कळवतो.

काय? नावांची जोडणी कशी केली? ती... ती आत हुतीया. असली बारीक कामं धम्मपालकडं. त्याची आई दवाखान्यात पडली तवाबी उशाशी लॅपटॉप घेऊन तेच करत बसायचा — पण म्हणून काय त्याचं झालं व्हय? खुर्ची माझी, लाईट माझी, वायफाय माझं! आन् आगाऊपणा बघा, यंत्रात जिथं तिथं स्वतःचं नाव घालून ठेवल्यालं. मी काय केलं — वाचत न बसता एकच बटण दाबून, एका झटक्यात सगळीकडं त्याच्या नावाच्या जागी माझं बसवलं. रडला की! हितंच, तुमी बसलाय तिथं. म्हटलं, तुझं नाव बघून कोण हात लावणार रं ह्याला? मी जातपात मानत न्हाय हां पावणं, पण गिऱ्हाईक मानतंय, त्याला मी काय करू? आन् दुसऱ्या दिवसापासनं येऊ नको म्हटलं. रडणारी माणसं दुकानात बरी दिसत न्हाईत.

उघडा की, तुमच्याच फोनवर उघडा. विरूपाक्ष, विरूपाक्ष, विरूपाक्ष — दिसलं? खाली? अगदी खाली काय लिवलंय, वाचा बघू. 'हे पुरं झालेलं बघायला जी थांबली नाही, त्या माझ्या आईला, अंजनाला — विरूपाक्ष.'

...हां. व्हय. माझीच की. अंजना. गेली बिचारी. लई माया हुती तिची माझ्यावर. अजून आठवण आली की घास उतरत न्हाय बघा —

ही? ही न्हवं हो, ही चहा घेऊन आलीया. 'बाळा' म्हणाली? समद्यांस्नीच म्हणती. नाक माझ्यागत? असंल, नाकं काय कुणाचीबी सारखी असत्यात. शांतव्वा म्हणत्यात हिला, आमच्याकडं कामाला हाय. भांडी घासती, केर काढती. व्हय न्हवं ग? सांग की पावण्यास्नी. — अशी काय बघतीस? ठेव तो ट्रे. — पावणं, तुमी का उठलाय? फोन कुणाला लावताय? धम्मपालला? चहा तर घ्या — अवो बसा की —

आई, रडायचं असलं तर आत जाऊन रड.